झरा, पाणी आणि पंप : टोकियोच्या इनोकाशिरा बागेत इतिहास कसा वाचायचा

"नैसर्गिक पिण्याच्या पाण्याचा झरा" हे चार-पाच शब्द आपण किती सहज बोलून जातो. संशोधनाच्या दृष्टीने बघितलं तर यातला जवळजवळ प्रत्येक शब्द हा एक दावा आहे. नैसर्गिक म्हणजे पाणी आपणहून वर येतं, हा एक दावा. पिण्याचं म्हणजे कुणीतरी ते पीत होतं किंवा आजही पितं, हा दुसरा. झरा म्हणजे तो अजून वाहतो आहे, हा तिसरा. तीनही दाव्यांना पुरावा वेगळा लागतो, वेगळ्या ठिकाणी शोधावा लागतो, आणि गंमत म्हणजे तिघांची उत्तरं एकमेकांशी जुळतीलच असं नाही.

पेट झाली, आता सिनॉप्सिस लिहायचाय, विषय "पाणी आणि इतिहास" असा काहीतरी डोक्यात आहे, पण नेमका प्रश्न सापडत नाही, अशा अवस्थेतल्या मित्रमैत्रिणींसाठी आजचा लेख आहे. मी स्वतः विज्ञान शाखेतून आलेलो, माझं काम भूजलाचं. पण भूजलावर काम करताना एक गोष्ट लवकर लक्षात येते : खडकाचा नकाशा अर्धीच गोष्ट सांगतो, उरलेली अर्धी दप्तरखान्यात असते. हे नीट समजावून सांगायला मला टोकियोतली एक बाग फार उपयोगी वाटते. तिचं नाव इनोकाशिरा. चला, तिथे एक चक्कर मारू.

बाग कुठे आहे आणि काय दिसतं

शिंजुकुहून चुओ लाइनने पश्चिमेला निघालं की पंधरा-वीस मिनिटांत किचिजोजी स्टेशन येतं. तिथून चालत पाच मिनिटांवर ही बाग. बाग मुसाशिनो आणि मिताका या दोन शहरांच्या हद्दीत येते, क्षेत्रफळ साधारण ४३ हेक्टर. ॲनिमे बघणाऱ्यांना हा भाग घिबली म्युझियममुळे माहीत असेल, ते याच बागेच्या पश्चिम भागात आहे. बाकी चारही बाजूंना दाट वस्ती, दुकानं, रेल्वे. मध्येच एक झाडीने भरलेला खोलगट भाग आणि त्यात लांबट तळं. तळ्यावर बोटी, वसंतात चेरीचा बहर, शनिवार-रविवारी तुडुंब गर्दी.

मुद्दाम बघण्यासारख्या तीन जागा आहेत. पहिली, तळ्याच्या पश्चिम टोकाजवळचं लाल रंगाचं छोटं देऊळ. दुसरी, त्याच बाजूला झाडाखालचा एक झरा, त्याचं नाव "ओचानोमिझु", म्हणजे चहाचं पाणी. तिसरी, तळ्याच्या पूर्व टोकाला, जिथून पाणी बाहेर पडतं तिथली पाटी. ही जागा म्हणजे कांदा नदीचा उगम, असं ती सांगते. ही नदी इथून निघून २४ किलोमीटरहून थोडं जास्त अंतर टोकियोच्या पोटातून वाहते आणि सुमिदा नदीला मिळते.

देऊळ, झरा, पाटी. या तीन गोष्टींच्या मागे चारशे वर्षांची कथा आहे. पण तिच्याआधी खडक.

पन्नास मीटरची रेषा

टोकियोचा पश्चिम भाग ज्या पठारावर वसलाय त्याला मुसाशिनो पठार म्हणतात. तामा नदीने डोंगरातून आणलेले गोटे आणि वाळू पसरून हा उतार तयार झाला. त्यावर फुजी, हाकोने अशा ज्वालामुखींची राख हजारो वर्षं पडत राहिली. या राखेच्या मातीला तिथे कांतो लोम म्हणतात. ही माती पाऊस छान जिरवते. जिरलेलं पाणी खालच्या गोट्यांच्या थरात साठतं आणि पठाराच्या उताराबरोबर पूर्वेकडे हळूहळू सरकतं. जमिनीचा उतार जिथे या थराला छेदतो तिथे पाणी बाहेर येतं.

आता नकाशा घ्या आणि समुद्रसपाटीपासून साधारण ५० मीटर उंचीची रेषा शोधा. या रेषेच्या आसपास तीन तळी सापडतात : इनोकाशिरा, झेनपुकुजी आणि सानपोजी. तिन्ही झऱ्यांवर पोसलेली, तिन्हींमधून ओढे किंवा नद्या निघालेल्या. म्हणजे इनोकाशिराचा झरा हा काही एकटा चमत्कार नव्हे, तो एका रांगेतला एक आहे.

हे मी आधी का सांगतोय? कारण स्थानिक इतिहास लिहिताना आपण एकाच जागेच्या इतके प्रेमात पडतो की ती जागा एकमेव वाटायला लागते. तिच्या जोडीच्या जागा नकाशावर शोधल्या की प्रश्न बदलतो. "इथे झरा का आहे?" याचं उत्तर भूविज्ञान देतं. मग इतिहासाचा खरा प्रश्न उरतो : रांगेत तीन तळी असताना एदो शहराच्या पाण्याची कथा इनोकाशिराभोवतीच का गुंफली गेली?

शहराला पाणी हवं होतं

१५९० मध्ये तोकुगावा इएयासु एदोला आला. एदो म्हणजे आजचं टोकियो. खाडीच्या काठचा सखल, दलदलीचा भाग. विहीर खणली की खारट पाणी लागायचं. राजधानी उभी करायची तर गोडं पाणी बाहेरून आणणं भाग होतं.

परंपरा अशी सांगते की इएयासुने हे काम ओकुबो तोगोरो नावाच्या आपल्या माणसावर सोपवलं. हा तोगोरो मूळचा योद्धा, पायाला जखम झाल्याने लढाई सुटली, पुढे इएयासुसाठी मिठाई बनवायचा. त्याने पाण्याची सोय केली म्हणून त्याला "मोंदो" हे नाव बक्षीस मिळालं. ज्या अक्षरांत ते लिहितात त्यात पाणी हे अक्षर आहे. पण इएयासु म्हणाला म्हणे, हे "मोंदो" नको, "मोंतो" असं उच्चारायचं. कारण काय, तर जपानीत द, ग, ब अशा घोष उच्चारांना "गढूळ" आवाज म्हणतात. पाणी आणणाऱ्याच्या नावात गढूळ अक्षर कसं चालेल?

गोष्ट फार गोड आहे आणि म्हणूनच सावध व्हायला हवं. १५९० च्या त्या पहिल्या योजनेचा, कोइशिकावा जोसुइचा, मार्ग आणि तपशील मुख्यतः नंतरच्या लिखाणांतून येतात. पुढे वाढवून जी योजना झाली तिला कांदा जोसुइ म्हणतात. तिची उभारणी साधारण १६२९ पर्यंत पूर्ण झाली असं मानलं जातं. एदोच्या पाणीव्यवस्थेवरचं सरकारी संकलन, "जोसुइकी", तर १७९१ मधलं आहे. म्हणजे मूळ घटनेनंतर दोनशे वर्षांनी तयार झालेलं.

दोनशे वर्षांचं हे अंतर लक्षात ठेवा. आपल्याकडेही "हा हौद अमुक राजाने बांधला" अशी वाक्यं ज्या कागदांत सापडतात ते कागद कधीचे आहेत हे बघितलं तर बऱ्याचदा असंच अंतर निघतं. याचा अर्थ कथा खोटी असा होत नाही. कथेवरून १५९० मध्ये काय झालं हे सिद्ध होत नाही, पण नंतरच्या काळातल्या लोकांना आपल्या पाण्याबद्दल काय वाटत होतं हे नक्की कळतं. मोंतोच्या गोष्टीतून मला कळतं ते एवढंच, की एदोच्या लोकांसाठी पाणी गढूळ नसणं हा इतका जिव्हाळ्याचा विषय होता की तो नावाच्या उच्चारापर्यंत पोचला.

चहाच्या पाण्याची दोन गावं

आता बागेतल्या त्या झऱ्याकडे येऊ. ओचानोमिझु. सांगतात की इएयासु ससाण्याच्या शिकारीला या बाजूला यायचा, या झऱ्याचं पाणी त्याला आवडलं आणि त्याने त्याचा चहा केला. इनोकाशिरा या नावाचीही अशीच एक कथा आहे. "इ" म्हणजे विहीर किंवा पाण्याची जागा आणि "काशिरा" म्हणजे डोकं, प्रमुख. तिसरा शोगुन इएमित्सु इथे आला आणि त्याने छोट्या सुरीने झाडाच्या सालीवर हे नाव कोरलं, असं सांगतात. त्याआधी तळ्याला सात विहिरींचं तळं म्हणायचे, कारण सात ठिकाणी पाणी वर यायचं.

पण टोकियोत ओचानोमिझु नावाची आणखी एक जागा आहे, आणि ती जास्त प्रसिद्ध आहे. शहराच्या मध्यभागी याच नावाचं रेल्वे स्टेशन आहे, आजूबाजूला विद्यापीठं, दवाखाने, गिटारची दुकानं. तिथली कथा वेगळी : तिथल्या कोरिन-जी या देवळाच्या आवारात झरा होता, त्याचं पाणी शोगुनच्या चहासाठी नेलं जायचं, म्हणून नाव पडलं. एकच नाव, दोन झरे, दोन कथा, मध्ये बरंच अंतर.

इंटरनेटवर घाईने वाचणारा माणूस या दोन जागांची सरमिसळ अगदी सहज करतो. म्हणून नोंदवहीत ठिकाणाचं नाव लिहिताना शेजारी मौजा, तालुका, अक्षांश-रेखांश लिहायची सवय लावा. आपल्याकडे "गोमुख" नावाचे झरे किती आहेत ते एकदा मोजून बघा, मग मी काय म्हणतोय ते कळेल.

आणि या कथांकडे थोडं तिरक्या नजरेनेही बघा. चहा हाच धागा दोन्हीकडे का? चहाला पाण्याची चव लगेच कळते. जपानी चहाच्या संस्कृतीत चांगलं पाणी ओळखणं ही प्रतिष्ठेची गोष्ट होती. त्यामुळे "शोगुनने याचा चहा केला" हे वाक्य म्हणजे त्या काळातलं गुणवत्ता प्रमाणपत्रच. प्रयोगशाळा नव्हती, म्हणून राजाची जीभ.

झऱ्यापासून घरापर्यंत

कांदा जोसुइचं पाणी उघड्या पाटातून, केवळ उताराच्या जोरावर पूर्वेकडे जायचं. सेकिगुची इथे बंधारा घालून पाण्याची पातळी उचलली होती. तिथून पाणी शहराकडे वळवलं जायचं. मध्ये दरीसारखी खोल नदी आडवी येत होती, तिच्यावरून पाणी लाकडी पन्हळीच्या पुलावरून नेलं. त्या जागेच्या जवळच्या पुलाचं आणि आजच्या स्टेशनचं नाव सुइदोबाशी, म्हणजे नळपाण्याचा पूल. पुढे जमिनीखालून लाकडी आणि दगडी नळ, आणि वस्तीत जागोजागी विहिरीसारखे हौद. लोक बादली सोडून पाणी काढायचे. दिसायला विहीर, आत मात्र नळाचं पाणी. एदोचा अस्सल रहिवासी आपण जन्मल्यावर पहिली आंघोळ नळाच्या पाण्याने झाली याची बढाई मारायचा.

कवी मात्सुओ बाशो माहीत असेल, हायकूवाला. १६७० च्या दशकाच्या शेवटी हा माणूस काही वर्षं याच कांदा जोसुइच्या दुरुस्ती-सफाईच्या कामाशी जोडलेला होता आणि सेकिगुचीच्या भागात राहायचा. साहित्याच्या विद्यार्थ्याला हा तपशील किरकोळ वाटेल, मला तो फार मोलाचा वाटतो. कारण त्यातून कळतं की ही व्यवस्था एकदा बांधून सोडून दिलेली नव्हती. तिला सतत गाळ काढणं, लाकूड बदलणं, माणसं नेमणं लागत होतं. पाटावर राखणदार असायचे. पाण्यात अंघोळ, मासेमारी, कचरा टाकणं याला बंदी होती, तशा फळ्या लावलेल्या असायच्या.

आणखी एक. शहर वाढलं तसं इनोकाशिराचं पाणी पुरेनासं झालं. वाटेत झेनपुकुजीसारख्या दुसऱ्या तळ्यांचं पाणी मिळत होतंच. १६५३ मध्ये तामा नदीवरून सुमारे ४३ किलोमीटर लांबीचा तामागावा जोसुइ खणला गेला आणि पुढे त्याचंही पाणी कांदा जोसुइला जोडलं. म्हणजे सतराव्या शतकातच शहरातल्या हौदात येणारं पाणी केवळ झऱ्याचं नव्हतं. थोडं झऱ्याचं, थोडं नदीचं, आणि सगळंच माणसांनी सांभाळलेलं. "पूर्वी लोक शुद्ध नैसर्गिक झऱ्याचं पाणी प्यायचे" हे वाक्य इथे निम्मंच खरं ठरतं. शुद्धता निसर्गाने दिली होती, पण ती शहरापर्यंत टिकली ती राखणदार, फळ्या आणि दुरुस्तीच्या खर्चामुळे.

सरस्वती तळ्यावर काय करते?

आता ते लाल देऊळ. ते बेन्झाइतेनचं आहे. बेन्झाइतेन म्हणजे आपली सरस्वती. भारतातून चीनमार्गे, बौद्ध ग्रंथांतून ती जपानला पोचली. हातात वीणेऐवजी तिथलं बिवा हे तंतुवाद्य आलं. विद्या आणि कला तिच्याकडे राहिल्याच, पण तिचं सर्वांत जुनं नातं, पाण्याचं, तिथे जास्त ठळक राहिलं. सरस्वती मुळात नदी. आपल्याकडे ती परीक्षेच्या आदल्या दिवशी आठवते, तिथे ती तळ्यावर आणि बेटावर बसलेली असते. हिरोशिगेने १८५० च्या दशकात एदोची प्रसिद्ध स्थळं दाखवणारी जी चित्रमालिका केली, तिच्यात इनोकाशिराचं तळं आणि हे देऊळ आहे.

देवळाच्या आवारातले दगडी दिवे बघा. त्यातले काही एदोच्या जांभळा रंग देणाऱ्या रंगाऱ्यांनी आणि व्यापाऱ्यांनी दिलेले आहेत. रंगाऱ्याचा धंदा पाण्यावर चालतो. पाण्याचा गुण बदलला की रंग बदलतो. म्हणून उगमावरच्या देवीला त्यांनी दिवे वाहिले. तुमच्या लक्षात आलं का, इथे आपल्याला पाण्याच्या वापराचा एक प्राथमिक पुरावा दगडात मिळाला. दप्तरात जे सापडत नाही ते कधीकधी देणगीच्या शिलालेखात सापडतं. देवळात गेलात की आधी देणगीदारांची नावं वाचा. कुणाला या पाण्याची गरज होती ते तिथे लिहिलेलं असतं.

झरा पिण्याचा राहिला नाही, आणि मग झराही राहिला नाही

या दोन वेगळ्या घटना आहेत आणि त्यांच्यात साठेक वर्षांचं अंतर आहे.

पहिली घटना पटकीची. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात टोकियोत कॉलऱ्याच्या साथी वारंवार आल्या, १८८६ ची फार मोठी होती. जुने लाकडी नळ कुजलेले, शहराची लोकसंख्या मोठी, वाटेत पाणी दूषित होत होतं. शेवटी योदोबाशी इथे पाणी गाळून, दाब देऊन लोखंडी नळांतून पुरवणारं आधुनिक केंद्र उभं राहिलं आणि १८९८ मध्ये पुरवठा सुरू झाला. १९०१ मध्ये कांदा जोसुइचा पिण्यासाठीचा उपयोग थांबला. इथे झरा बदललेला नव्हता. पाणी जमिनीतून तसंच येत होतं. बदलली होती ती "पिण्याचं पाणी" या शब्दाची व्याख्या. राजाच्या जिभेची जागा सूक्ष्मदर्शकाने घेतली.

पिण्याच्या कामातून मोकळा झालेला उगम मग फिरायची जागा झाला. उगमाभोवतीचं जंगल आधी शोगुनशाहीने आणि नंतर राजघराण्याने राखलेलं होतं. ती जमीन शहराला दिली गेली आणि १ मे १९१७ रोजी बाग खुली झाली. म्हणजे हे शहरी जंगल आज उभं आहे, कारण एकेकाळी तिथलं पाणी प्यायलं जात होतं. पिणं थांबलं, पण पिण्यासाठी राखलेली झाडी बाग बनून राहिली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तिथले देवदारासारखे उंच सुगी वृक्ष बरेच तोडले गेले, तरी बाग टिकली.

दुसरी घटना १९६० च्या दशकातली. झरे आटले. सात विहिरींच्या तळ्याला बाहेरून पाणी द्यायची वेळ आली. आजही तळ्यात खोल विहिरींतून पंपाने पाणी सोडतात. ओचानोमिझुच्या झऱ्यातून जे वाहताना दिसतं तेही पंपाचंच. आणि पूर्व टोकाला नदीच्या उगमाची ती पाटी अजून उभी आहे.

झरा कुणी आटवला?

इथून पुढचा भाग विज्ञानवाल्यांसाठी, पण बाकीच्यांनी सोडू नका.

दोन संशयित आहेत. एक, भूजलाचा उपसा : कारखाने, इमारती, शहरांचा पाणीपुरवठा. मुसाशिनो शहर तर आजही आपल्या नळपाण्याचा मोठा भाग खोल विहिरींतूनच घेतं. दोन, जमिनीवर पसरलेलं काँक्रीट आणि डांबर. पाऊस जिरायच्या आत गटारात जातो, मग गोट्यांच्या थरात पाणी पोचणार कसं? बहुतेक लेखांत "शहरीकरणामुळे झरे आटले" एवढं एकच वाक्य असतं. शहरीकरण हा शब्द इथे पोत्यासारखा आहे, आत दोन्ही संशयित बसतात. संशोधकाने पोतं उघडायचं असतं.

पुरावे एकेक करून ठेवू.

ऑक्टोबर २००४. टोकियोत वादळांमुळे त्या एका महिन्यात ७८० मिलिमीटर पाऊस झाला, वर्षभराच्या सरासरीच्या जवळपास निम्मा. त्यानंतर इनोकाशिराचे झरे पुन्हा वाहायला लागले आणि तळ्याचं पाणी नितळ झालं. काही काळाने ते परत थांबले. यातून काय कळतं? झऱ्याची तोंडं बुजलेली नाहीत. वाट शाबूत आहे. भूजलाची पातळी तळ्याच्या तळापेक्षा खाली गेली आहे, पुरेसा पाऊस जिरला की ती वर येते. काय कळत नाही? ती खाली जाण्यात उपशाचा वाटा किती आणि डांबराचा किती, हे या एका घटनेवरून ठरत नाही.

ऑक्टोबर १९९१. याच पठारावर शिन-कोदाइरा नावाचं रेल्वे स्टेशन जमिनीत खोदलेल्या खंदकात आहे. अतिपावसानंतर भूजल इतकं वाढलं की स्टेशनचा सांगाडाच उचलला गेला, पाणी आत घुसलं आणि रेल्वे साधारण दोन महिने बंद राहिली. ज्या पठाराचे झरे आटले म्हणून आपण हळहळतो, त्याच पठाराच्या पोटातलं पाणी स्टेशन उचलू शकतं.

तिसरा पुरावा सखल भागातला. टोकियोच्या पूर्वेकडच्या भागात उपशामुळे जमीन खचली, काही ठिकाणी चार मीटरहून जास्त. मग १९५६ आणि १९६२ च्या कायद्यांनी आणि पुढच्या नियमांनी उपशावर बंधनं आली. खोल थरांतली पाण्याची पातळी वर येऊ लागली, इतकी की उएनो स्टेशनचा जमिनीखालचा भाग वर तरंगू नये म्हणून त्याला वजन आणि नांगर द्यावे लागले.

हे तीनही पुरावे शेजारी ठेवले की प्रश्न नेमका होतो. उपशावर बंधनं आल्यावर खोल थर सावरला, पण इनोकाशिराचे झरे रोजचे म्हणून परत आले नाहीत. ते परत येतात ते अतिपावसानंतर. म्हणजे उथळ थराला पाऊस किती मिळतो याकडे बोट जातं. खोल उपसा निर्दोष सुटला असं मी म्हणत नाही, कारण थर एकमेकांपासून पूर्ण तुटलेले नसतात आणि या भागात उपसा अजून चालू आहे. पण "शहरीकरण" या एका शब्दापेक्षा आपण आता बरेच पुढे आलो आहोत. आता हा प्रबंधाचा प्रश्न झाला : कोणत्या थरातलं पाणी, कोणत्या वर्षी, किती खाली गेलं?

माझे गाईड सेमिनारमध्ये कुणी असं वाक्य बोललं की एकच विचारतात, "बरं, आणि तू चुकीचा असशील तर ते कशावरून कळेल?" इनोकाशिराच्या बाबतीत उत्तर देता येतं. पाऊस जिरवण्याची सोय वाढवूनही झरे सामान्य पावसात आलेच नाहीत, तर माझं अनुमान कमजोर पडेल.

आणि हा प्रयोग खरोखर चालू आहे. मुसाशिनो, मिताका, शेजारचं कोगानेइ या शहरांत घरांच्या छपराचं पाणी गटारात न सोडता जमिनीत जिरवणारे खड्डे बसवण्यावर भर आहे. कोगानेइत तर हे काम १९८० च्या दशकाच्या शेवटापासून चिकाटीने चाललंय. एका घराचा खड्डा म्हणजे काहीच नाही. हजारो घरांचे खड्डे म्हणजे पठाराला परत दिलेला पाऊस.

गाळात जपलेलं उत्तर

२०१७ मध्ये बागेला शंभर वर्षं होणार होती. त्यानिमित्ताने तळं उपसून तळ उन्हात वाळवायची जुनी पद्धत, काइबोरी, पुन्हा सुरू झाली. २०१४ च्या हिवाळ्यापासून तीन वेळा तळं रिकामं केलं. गाळातून टाकलेल्या सायकली निघाल्या, बाहेरून आणून सोडलेले बास आणि ब्लूगिल मासे काढले गेले, स्थानिक मासे जपून परत सोडले. कामात नागरिक स्वयंसेवक होते.

आणि २०१६ मध्ये तळात एक शैवाल उगवलं. इनोकाशिरा-फ्लास्कोमो, नायटेला या गटातलं. १९५७ मध्ये याच तळ्यात सापडलेलं म्हणून त्याला तळ्याचं नाव मिळालं होतं, नंतर ते इथून नाहीसं झालं. साठेक वर्षं त्याचे बीजाणू गाळात पडून होते. तळ उघडा पडला, पाणी नितळ झालं, ऊन तळापर्यंत पोचलं आणि ते उगवलं.

मला हा गाळ दप्तरखान्यासारखाच वाटतो. कुणी मुद्दाम जपून ठेवलेलं नाही, पण उघडलं तर पुरावा मिळतो. इएयासुच्या चहाबद्दल हा गाळ काही सांगणार नाही. १९५० च्या दशकात पाणी किती नितळ होतं हे मात्र कोणत्याही आठवणीपेक्षा जास्त भरवशाने सांगतो.

तुमच्या गावच्या झऱ्याकडे जाताना

आता शेवटी कामाचं. तुमच्याही शहरात टेकडीच्या पोटात, वनउद्यानात किंवा देवळामागे एखादा झरा असेल. सकाळी लोक कॅन घेऊन येत असतील. तिथे जायच्या आधी आणि गेल्यावर हे प्रश्न वहीत लिहा.

हा एकटा झरा आहे की त्याच उंचीवर आणखी आहेत? त्याची कथा पहिल्यांदा कोणत्या कागदात येते आणि तो कागद घटनेनंतर किती वर्षांनी लिहिला? पाणी कुणी वापरलं, आणि राखणीचा खर्च कुणी केला? पिणं कधी थांबलं, वाहणं कधी थांबलं, या दोन तारखा वेगळ्या आहेत का? आणि आज जे वाहतंय ते उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात किती बदलतं? शेवटच्या प्रश्नाला पैसे लागत नाहीत. बादली, घड्याळ आणि वर्षभर दर पंधरवड्याला जायची तयारी, बस. बादली किती सेकंदांत भरते ते लिहीत जा. ही नोंद दुसऱ्या कुणाकडे नसेल.

पाणी प्यायचं असेल तर आधी तपासून घ्या. जपानच्या पर्यावरण खात्याने १९८५ मध्ये शंभर नामवंत पाण्यांची यादी केली, टोकियोजवळच्या कोकुबुंजीचे झरेही तीत आहेत. पण यादीत नाव आहे म्हणून पाणी पिण्याजोगं आहे असं समजू नका, हे त्यांनीच स्पष्ट सांगितलंय. सुंदर असणं, ऐतिहासिक असणं आणि पिण्याजोगं असणं ही तीन वेगळी प्रमाणपत्रं आहेत.

मग इनोकाशिराला झरा म्हणायचं की नाही? माझं मत विचाराल तर पाटी काढू नये. तिच्याखाली अजून एक ओळ घालावी : सध्या पाणी पंपाचं, खूप पाऊस झाला की जमिनीचं. एवढी एक ओळ लिहिता यावी यासाठी खडक, दप्तर, देऊळ आणि गाळ हे चारही वाचावे लागतात. तुमच्या झऱ्यासाठी अशी एक ओळ लिहायला घ्या, सिनॉप्सिसचं पहिलं पान तिथूनच सुरू होईल.